आधी पाकीट, मग कार्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या सोसायटीतल्या तुम्ही आठ जणी मिळून दिवाळीसाठी दीडशे भेटकार्डं हाताने करणार आणि ती विकून आलेले पैसे जवळच्या एका वृद्धाश्रमाला देणार. गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला कार्डं केली तेव्हा ती वाकली, घडीवर कागद फुटला, चिकटवलेल्या जागी सुरकुत्या आल्या आणि निम्मी कार्डं पाकिटात मावलीच नाहीत. कागद कोणता, गोंद कोणता, किंमत किती, हे तुम्ही विचारलंय. शिवाय सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी एक वेगळं कार्ड हवंय.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून एक गोष्ट दिसते. तुम्ही सुरुवात चित्रापासून केलीत. जवळजवळ सगळेच तसं करतात. आधी मोर काढायचा, मग त्याच्याभोवती कार्ड, मग त्या कार्डासाठी पाकीट शोधत लक्ष्मी रस्त्यावर वणवण. हे उलटं करा. आधी पाकीट घेऊन या. कार्ड काही भिंतीवर लावायची वस्तू नाही. ते पाकिटात जातं, पोस्टाच्या थैलीत नाहीतर कुणाच्या पर्समध्ये दाबलं जातं, बाहेर येतं, वाचलं जातं आणि मग टीव्हीशेजारी चार दिवस उभं राहतं. या सगळ्याला ते पुरलं पाहिजे.

बाजारात सहज मिळणारं पाकीट म्हणजे सी-६, ११४ × १६२ मिलिमीटर. ए-४ कागद दोनदा मधोमध दुमडला की जो आकार येतो, त्याच्यासाठी ते बनलेलं. पण लग्नपत्रिकांच्या दुकानांत याहून निराळ्या मापांची, चांगल्या जाड कागदाची उरलेली पाकिटं गठ्ठ्याने आणि स्वस्तात मिळतात. त्यांचं माप कुठेच छापलेलं नसतं, म्हणून पट्टी सोबत न्या आणि आतून मोजा. कार्ड साधं असेल तर ते दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर लहान ठेवा. वर काही चिकटवणार असाल तर दहा. कार्ड जाड झालं की पाकीट फुगतं आणि फुगलं की आतली लांबी-रुंदी कमी होते. तुमची निम्मी कार्डं इथेच अडली असणार.

आता कागद. दीडशे कार्डांसाठी मी तुम्हाला हातकागद घ्यायला सांगेन, आणि पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे. तिथला कागद झाडापासून नव्हे, सुती चिंध्यांपासून होतो. बनियन वगैरेंच्या कारखान्यांतली कात्रणं भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात, तो जाळीवर उचलतात, कापडावर उलटवतात, दाबतात आणि वाळवतात. सुताचे तंतू लांब असल्यामुळे हा कागद घडीवर सहजासहजी फुटत नाही. हा एवढा एकच गुण तुमच्या कामासाठी पुरेसा आहे. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद बघून हात तिकडेच जाईल, पण त्यावर लिहिता येत नाही. तो दर्शनी बाजूला एखाद्या पट्टीपुरता ठीक, अख्ख्या कार्डाला नको.

हातकागदाचा पूर्ण ताव साधारण २२ × ३० इंचांचा असतो. इथे जरा हिशोब करा. सी-६ पाकिटाचं नेहमीचं कार्ड, म्हणजे उघडल्यावर १४८ × २१० मिलिमीटर, एका तावातून एकाच दिशेने कापलं तर दहाच निघतात आणि बाजूंच्या पट्ट्या वाया जातात. तेच कार्ड उघडल्यावर साडेपाच × साडेसात इंच केलं तर ताव चार आडवे, चार उभे असा बिनबोभाट कापला जातो आणि सोळा कार्डं निघतात. दीडशे कार्डांना पंधराऐवजी दहाच ताव लागतात. मिटल्यावर हे कार्ड साडेपाच × पावणेचार इंचांचं होतं. सी-६ मध्ये ते थोडं सैल बसतं, पण वर काही चिकटवायचं असेल तर ती सैल जागा लागतेच. तावाच्या कडा कुरतडल्यासारख्या असतात, त्या कापून टाकू नका. कडेच्या बारा कार्डांना ती नैसर्गिक किनार मिळते आणि विकताना लोक नेमकी तीच उचलतात.

कागद किती जाड घ्यायचा? २०० ते २५० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. २५० जीएसएमचं आपलं कार्ड साधारण पावणेसात ग्रॅम भरतं, पाकीट चार-पाच ग्रॅम. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. म्हणजे सजावटीसाठी तुमच्या हातात आठेक ग्रॅम उरतात. मणी, आरसे, लाकडी तुकडे हे सगळं त्यात बसवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते नाहीच. टपालाचा शिक्का वरून आपटला जातो, तेव्हा आतल्या मण्याचा ठसा कार्डाच्या दुसऱ्या पानावर उमटतो.

हातकागद परवडला नाही आणि अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणलीत, तर ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघावीच लागेल. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. शीट हातात धरून न दुमडता हलकेच वाकवा, आधी उभी, मग आडवी. एका बाजूने ती निमूट वाकेल, दुसऱ्या बाजूने कुरकुर करेल. जिकडे निमूट वाकते, ती घडी ग्रेनला समांतर. कार्डाची घडी नेहमी त्याच दिशेने यायला हवी. तुमची राखीची कार्डं घडीवर फुटली, ती बहुतेक आडव्या ग्रेनवर दुमडल्यामुळे. शंका असेल तर कडेचा छोटा तुकडा एका बाजूने ओला करा. तो गुंडाळला जाईल आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेने असेल, ती ग्रेनची दिशा. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. वर सोळा कार्डांचा हिशोब एवढा बिनधास्त सांगितला तो त्याच भरवशावर.

घडी घालण्याचं काम मात्र दोन्ही कागदांत सारखंच आहे आणि यात घाई चालत नाही. जाड कागद नुसता बोटांनी दुमडला की घडी नागमोडी येते. आधी खाच पाडायची. हाडाची किंवा प्लॅस्टिकची घडीपट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर शाई संपलेलं बॉलपेन घ्या, पण ते खरोखर संपलंय ना हे रद्दीवर ओढून बघा. खाली जुनं मासिक ठेवा, म्हणजे कागदाला दबायला जागा मिळते. स्टीलची पट्टी मध्यावर लावा आणि कार्डाच्या बाहेरच्या बाजूने दोनदा, सारख्या दाबाने रेघ ओढा. आता कार्ड उलटं करा. जिथे रेघ ओढली, तिथे मागे बारीक उंचवटा उठलेला दिसेल. हा उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. म्हणजे खाचेपासून लांब दुमडायचं, खाच बाहेर राहते. नवखी माणसं खाचेच्या दिशेने दुमडतात, कारण ते हाताला सोपं वाटतं, आणि तिथेच वरचा थर ताणून फुटतो. दुमडल्यावर घडीवरून नख फिरवू नका, चमकदार डाग पडतो. मध्ये एक साधा कागद ठेवून चमच्याची पाठ फिरवा.

दीडशे कार्डांच्या दीडशे वेळा मध्य मोजायचा नाही. पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून एक कोपरा तयार करा, कार्ड त्या कोपऱ्यात सरकवा आणि खाच कुठे पाडायची ती जागा एकदाच आखून ठेवा. मोजमाप एका बाईने करायचं, खाच दुसरीने पाडायची, दुमडायचं तिसरीने. सगळ्यांनी सगळं करायचं ठरलं की आठ हातांच्या आठ घड्या होतात.

आता गोंद. सुरकुत्या फेविकॉलमुळे नाही, त्यातल्या पाण्यामुळे येतात. पाणी प्यालं की कागद फुगतो आणि वाळला की आवळतो. वरचा कागद एका गतीने आवळतो, खालचा दुसऱ्या, आणि दोघांच्या ओढाताणीत कार्ड वाकतं. बाटलीचं तोंड कागदावर टेकवून नागमोडी काढायची सवय मोडा. फेविकॉल झाकणात काढा आणि चपट्या ब्रशने पातळ थर लावा, तोही कार्डाला नाही, वर चिकटवायच्या तुकड्याला, मधून कडेकडे. लहान तुकड्यांना ग्लू स्टिक, सरळ पट्ट्यांना डबल टेप. चिकटवल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर वरवंटा, रात्रभर. वर्तमानपत्रात दाबू नका, शाई उतरते. पावसाळ्यात हे सगळं संथ होतं. ऑगस्टमध्ये पुण्यात कार्ड वाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ऑक्टोबरमध्ये तीन कार्डं वाळतील. राखीची तुमची कार्डं वाकण्यात हवेचाही हात होता.

जुने बाइंडर अजून खळ वापरतात. मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ हातकागदावर सुंदर बसते, कारण ती हळू वाळते आणि तुकडा सरकवून नीट करायला वेळ देते. कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका, ते विष आहे आणि तुमच्याकडे मुलं हाताशी असणार. थोडीच खळ करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

पण खरं सांगायचं तर गोंद जितका कमी, तितकं कार्ड चांगलं. माझ्या कार्यशाळांत मी पहिल्या दिवशी गोंद टेबलावर ठेवतच नाही. शिवण शिकवते. हातकागदाचं कवच आणि आत एक साधा, गुळगुळीत, ८०-९० जीएसएमचा पातळ कागद, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर लहान. दोन्ही दुमडून एकात एक घाला. घडीवर तीन भोकं: एक मध्यावर, दोन वर-खाली कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर. भोकं टोचणीने आधीच पाडा, सुईने नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोऱ्याची दोन्ही टोकं मध्यावर आहेत. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं टोक घेऊन गाठ मारा. लाल किंवा हळदी रंगाचा सुती दोरा घेतला तर वेगळ्या रिबिनीची गरजच नाही. गोंद नाही, सुरकुती नाही, वाळवायची वाट बघणं नाही.

आतल्या कागदाचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. हातकागदावर शाई फुटते का, हे ताव घेताना एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायचं असतं. थेंब मण्यासारखा राहिला तर कागदाला सरस नीट लागलीय, लगेच पसरला तर त्यावर जेल पेनाने लिहिलेलं अक्षर केसाळ होईल. पण कार्ड विकत घेणारी व्यक्ती कुठलं पेन वापरेल, हे तुमच्या हातात नाही. आतला कागद साधा असला की ती कशानेही लिहील. तो कोरा ठेवा. "ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची, भरभराटीची" हे छापलेलं वाक्य वाचून आजवर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही.

सजावटीकडे आता वळू. दीडशे कार्डांना एकच रचना ठेवा, फार तर दोन. दिवाळीसाठी माझी पसंती ठशाला. पांढरा, मोठा खोडरबर घ्या. पणतीचं चित्र ट्रेसिंग कागदावर पेन्सिलने गडद काढा, खोडरबरावर उलटं टेकवून नखाने घासा, ते उमटतं. बाहेरचा भाग कटरने तिरका कापा, पातं चित्रापासून बाहेर झुकलेलं हवं, म्हणजे ठशाचा पाया रुंद राहतो आणि कडा तुटत नाही. ज्योत वेगळ्या तुकड्यावर कोरा. मग पणती गेरूच्या रंगात, ज्योत पिवळ्या. ठसा पॅडवर हलकेच थोपटायचा, रगडायचा नाही. दोन-चार ठसे रद्दीवर झाल्याशिवाय रंग सारखा येत नाही.

मुलांना भेंडी द्या. आडवी कापलेली भेंडी म्हणजे तयार पाच पाकळ्यांचं फूल. फक्त कापून लगेच रंगात बुडवली तर चिकामुळे ठसा घसरतो. तुकडे तासभर कागदावर उलटे ठेवा. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी गडद निळा किंवा गेरूच्या रंगाचा कागद आणि पांढरं जेल पेन, पण आधी ठिपके टाकण्यासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडून साचा करा. सात ते एक, एवढीच रांगोळी. जास्त ठिपक्यांची रांगोळी लहान कार्डावर मुंग्यांसारखी दिसते.

वाळवलेली पानं-फुलं वापरायची हौस असेल तर बोगनवेलीच्या पाकळ्या घ्या. त्या मुळातच कागदासारख्या असतात आणि रंग बऱ्यापैकी धरतात. झेंडू अख्खा दाबू नका, काळा पडून बुरशी धरतो. सुट्या पाकळ्या चालतात. पिंपळाच्या पानाची जाळी हवी असेल तर पान तीन-चार आठवडे पाण्यात ठेवून, गर सुटल्यावर जुन्या टूथब्रशने हळुवार साफ करायचं. वास येतो, बाल्कनीत करा. दसऱ्याच्या कार्डासाठी आपट्याचं पान सुरेख दिसतं, मधल्या शिरेवर ते आपसूक मिटतं, पण खरी पानं ओरबाडू नका. त्याच आकारात कागद कापून मध्यावर खाच पाडली की पान आणि कार्ड एकच होतं. हळदीने कागद रंगवण्याची टूम अधूनमधून येते. हळद उन्हात उडते आणि साबणाचा हात लागला की तिथे लाल डाग पडतो, कारण हळद क्षारात लाल होते. चुना घालून कुंकू होतं ते याचमुळे.

चमकी नको. हे मी कळकळीने सांगते. ती पाकिटात, सोफ्यावर, फराळाच्या ताटात सगळीकडे जाते. कार्डं वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलमध्ये नेणार असाल तर चमकी आणि अत्तर दोन्ही वर्ज्य.

दर्शनी बाजूला "शुभ दीपावली" एवढं पुरे. ते हाताने लिहिणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. देवनागरीसाठी बोरूची कत, म्हणजे लिहायचं टोक, इंग्रजी अक्षरांच्या उलट बाजूला तिरकी कापतात. इंग्रजी कॅलिग्राफीसाठी तिरकं कापलेलं पेन घेऊन मराठी लिहिलं की जाड जागी बारीक आणि बारीक जागी जाड पडतं आणि अक्षर परकं दिसतं. सरळ कापाचं पेन असेल तर धरण्याचा कोन बदलून भागतं. तुमच्यातल्या एकीचं अक्षर चांगलं असेल तर तिने एकदा मोठं लिहावं, त्याचाही ठसा करा. साल घालू नका, उरलेली कार्डं पुढच्या वर्षी चालतात.

आता चांगल्या कामासाठी कार्ड विकण्याविषयी. ही पद्धत जुनी आहे. १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफच्या मदतीबद्दल आभार मानायला एक चित्र काढलं, तेच युनिसेफचं पहिलं भेटकार्ड झालं. आपल्याकडे १९७९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या क्राय संस्थेलाही भेटकार्डांनी मोठा हात दिला. यित्काच्या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की चित्र मदत मिळालेल्या मुलीचं होतं. लोकांनी तिच्याकडे दयेने बघावं म्हणून तिचा फोटो छापला नव्हता. तुम्हीही वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचे सुरकुतलेले हात वगैरे कार्डावर घालू नका. तिथल्या एखाद्या आजींना रांगोळी काढायला सांगा, त्यांना विचारून तिचा ठसा करा. शिवणीचं काम जमणाऱ्या दोघी-तिघी तिथे नक्की सापडतील, आणि त्यांच्या शिवणीपुढे तुमची फिकी पडेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहा की रांगोळी कोणाची. नाव घालायचं की नाही, ते त्यांच्या इच्छेवर.

किंमत. समजा कागद, पाकीट, दोरा, रंग मिळून एका कार्डाला १८ रुपये लागले. एका कार्डाला सगळ्या हातांची मिळून बारा मिनिटं लागली तर दीडशे कार्डांचे तीस तास होतात, म्हणजे आठ जणींना प्रत्येकी पावणेचार तास. हा वेळ तुम्ही देणगी म्हणून देताय, पण तो मोजा, म्हणजे पुढच्या वर्षी कोण किती करू शकेल ते कळतं. अशा कार्डाला ६० रुपये ठेवले तर ४२ उरतात. त्यातले दोन खराब झालेल्या कार्डांसाठी धरा आणि मागे स्पष्ट लिहा: "या कार्डाचे ४० रुपये अमुक संस्थेला." "नफा संस्थेला" असं मोघम लिहू नका, नफा किती हे कुणालाच कळत नाही. स्वस्त ठेवून जास्त विकू, हा मोह टाळा. २० रुपयांचं कार्ड दुकानातल्या छापील कार्डाशी तोललं जातं आणि तिथे तुम्ही हरता.

संस्थेचं नाव छापण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. कार्ड विकत घेणं ही देणगी नाही, त्यामुळे घेणाऱ्याला प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळत नाही. तसं कुणाला सांगू नका. जमलेली रक्कम संस्थेला दिल्यावर जी पावती मिळेल तिचा फोटो आणि खर्चाचा हिशोब सोसायटीच्या ग्रुपवर टाका, नोटीस बोर्डावरही लावा. पुण्यातली सोसायटी आहे, न लावल्यास विचारणारे काका असतातच.

वेळापत्रक साधं ठेवा. पाऊस ओसरला की कागद आणा. नवरात्रात कापणं, खाचा आणि ठसे. दसरा ते कोजागरी शिवण. कोजागरीनंतर विक्री, कारण ज्यांना बाहेरगावी पाठवायचीत त्यांच्या हातात पंधरा दिवस हवेत. वसुबारसेला कुणी कार्ड विकत घेत नाही, तोवर सगळे चकलीच्या मागे असतात. उरलेली पाकिटं पुढच्या वर्षासाठी ठेवताना झाकणाखाली बटर पेपरची पट्टी सरकवा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत गोंद आपोआप चिकटून बसतो.

मुलांसाठी एक उघडं कार्डही करता येईल, आत दिवाळीचा किल्ला उभा राहणारं. घडीवर दोन समांतर काप घ्या आणि मधली पट्टी आत ढकला, पायरी तयार होते. घडीपासून काप किती लांब घ्यायचा, याला एकच नियम आहे: मिटलेल्या कार्डाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी. पावणेचार इंच म्हणजे ९५ मिलिमीटर रुंदीला ४० मिलिमीटरपर्यंत. त्याहून लांब घेतलात तर कार्ड मिटल्यावर किल्ल्याचं टोक बाहेर डोकावतं.

राहिले सासरे. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले तर हजार पौर्णिमा होतात साधारण ८० वर्षं आणि १० महिन्यांत. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या आसपास करतात. या कार्डावर हजार चंद्र काढायला जाऊ नका. गडद निळा कागद घ्या आणि नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ, असे ८१ चंद्र पांढऱ्या कागदातून पंच करून लावा. पंचिंग मशीनचे गोल साडेपाच-सहा मिलिमीटरचे येतात, त्यांच्यासाठी सी-६ चं कार्ड पुरेसं होतं. इथे ग्लू स्टिकच वापरा आणि गोल चिमट्याने उचला. प्रत्येक चंद्र एका वर्षाचा. मग सासूबाईंना आणि आत्यांना विचारून आठ-दहा वर्षं निवडा: गाव सोडून पुण्यात आले ते वर्ष, पानशेतचं धरण फुटलं ते १९६१, लग्न, पहिली नोकरी, नातवाचा जन्म. त्या वर्षांचे चंद्र पिवळ्या कागदाचे करा. शिवलेल्या आतल्या पानावर फक्त ती सालं आणि पुढे तीन-चार शब्द, प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिलेले. अक्षर मोठं ठेवा, चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे. आत्या दुसऱ्या गावी असतील तर त्यांच्याकडून ओळ कागदावर लिहून मागवा, व्हॉट्सअॅपवर टाइप केलेली नको, आणि ती चिठ्ठीच कापून लावा.